जुने दुखणे आणि दूरचा प्रवास

पुणे-सोलापूर महामार्गावरचे, दौंड तालुक्यातील वरवंड हे गाव दोन निरनिराळ्या प्रवासांच्या वाटेवर आहे. पहिला प्रवास जुना आहे. तुकाराम महाराजांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेला देहूचा पालखी सोहळा यवतचा मुक्काम उरकून भांडगाव आणि चौफुल्यावरून वरवंडला येतो, एक रात्र इथे विसावतो आणि दुसऱ्या दिवशी पाटस मागे टाकून रोटीचा घाट चढत उंडवडी गवळ्याच्या दिशेने निघतो. दुसरा प्रवास गेल्या दोन-तीन दशकांतला आहे. कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या दौंड-शिरूरच्या पट्ट्यातील घरांमधून मुले-मुली आधी पुण्यात शिकायला, मग हिंजवडी-खराडीत नोकरीला आणि तिथून पुढे अमेरिका, कॅनडा, जर्मनी, इंग्लंड अशा देशांत गेली, आणि त्यांच्यामागून लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी आईवडिलांची पाच-सहा महिन्यांची ये-जा सुरू झाली. या दोन्ही वाटांवरच्या माणसांत वरवर पाहता काही साम्य नसले, तरी त्यांच्या पिशवीत बहुधा एकच वस्तू सापडते, ती म्हणजे रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांची पाकिटे. आधीपासून आजार असलेल्या माणसाने प्रवासाला निघताना विम्याचे संरक्षण कोठून, कसे आणि कोणत्या अटींवर मिळवावे, हा प्रश्न म्हणूनच मूठभर परदेशवारी करणाऱ्यांपुरता उरलेला नाही.

विम्याच्या भाषेत ‘आधीपासूनचा आजार’ म्हणजे विमापत्र घेण्यापूर्वी डॉक्टरांनी निदान केलेला किंवा ज्यावर उपचार सुचवले अथवा घेतले गेले असा आजार; एजंट मंडळी त्याला ‘पीईडी’ म्हणतात आणि घराघरांत त्याला ‘जुने दुखणे’ असे म्हटले जाते. त्यात मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड आणि दमा येतात, तशीच पाच वर्षांपूर्वी झालेली अँजिओप्लास्टी आणि गुडघ्याची शस्त्रक्रियाही येते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे १०.१ कोटी माणसांना, मधुमेह असल्याचा आणि ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचा अंदाज मांडला. साठी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत जुने दुखणे हा अपवाद मानून चालत नाही, आणि जो विमा ही गोष्ट अपवाद मानतो तो ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याच्याच कामी कमी येतो.

वारीत कोणाला वय विचारले जात नाही आणि कोणाकडून प्रकृतीचा दाखलाही मागितला जात नाही. आषाढीच्या आधीच्या उकाड्यात आणि पावसात, जेवणाच्या वेळा सांभाळता येत नसताना, पायाच्या जखमा चटकन भरून येत नाहीत अशा मधुमेही माणसांनी मैलोन्‌मैल चालणे ही वैद्यकीय दृष्टीने जोखमीची गोष्ट आहे. तरीही ती माणसे चालतात, आणि वारीची सारी व्यवस्था ती चालणारच आहेत असे धरून उभी राहते. राज्याच्या आरोग्य विभागाने २०२३ पासून ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ या उपक्रमातून पालखी मार्गांवर तपासणी आणि उपचारांची सोय वाढवली. त्याच वर्षी राज्य सरकारने ‘विठ्ठल-रुक्मिणी वारकरी विमा छत्र योजना’ जाहीर केली. वारीच्या काळातील ३० दिवसांसाठी असलेल्या या योजनेत वारकऱ्याचा मृत्यू झाल्यास कुटुंबाला ५ लाख रुपये, कायमचे अपंगत्व किंवा अंधत्व आल्यास १ लाख, अंशतः अपंगत्व आल्यास ५० हजार आणि वारीत आजारी पडल्यास औषधोपचारासाठी ३५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य अशी तरतूद होती. बातम्यांत ५ लाखांच्या आकड्याला ठळक मथळा मिळाला, परंतु आजारपणासाठीचे ३५ हजार हेच या योजनेतील सर्वांत विचारपूर्वक घातलेले कलम होते, कारण वारकऱ्याच्या प्रकृतीची चौकशी न करता त्याचे आजारपण प्रवासाच्या जोखमीचाच भाग मानण्याची भूमिका त्यात होती.

२०२५ च्या वारीसाठी राज्याने जी मदत जाहीर केली तिचे स्वरूप सानुग्रह साहाय्याचे होते. मृत्यू झाल्यास ४ लाख रुपये, ६० टक्क्यांहून अधिक अपंगत्व आल्यास अडीच लाख, ४० ते ६० टक्के अपंगत्वासाठी ७४ हजार, आठवड्याहून अधिक काळ रुग्णालयात राहावे लागल्यास १६ हजार आणि त्याहून कमी काळासाठी ५ हजार ४०० रुपये, अशा त्यातील रकमा आपत्ती निवारण निधीच्या निकषांशी जुळणाऱ्या आहेत. विमा आणि सानुग्रह साहाय्य यांत मोठा फरक आहे. विम्यात हप्ता भरला गेलेला असतो आणि अटी पूर्ण झाल्यावर रक्कम मागण्याचा हक्क निर्माण होतो, तर सानुग्रह साहाय्य हे शासनाने स्वतःहून देऊ केलेले अर्थसाहाय्य असते. शिवाय आपत्तीचे निकष मुळात अपघात आणि दुर्घटना डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असल्यामुळे ट्रकची धडक बसलेला वारकरी त्यांत सहज सामावतो. रोटीच्या चढावर छातीत कळ येऊन खाली बसलेल्या वारकऱ्याचे प्रकरण मात्र कोणत्या रकान्यात घालायचे, हे ठरवावे लागते. वारीत आजार हीच नेहमीची जोखीम असते, त्यामुळे २०२३ चे आजारपणाचे कलम वारीच्या साहाय्यात कायम असायला हवे.

अपघात आणि आजार यांच्यातली ही सीमारेषा प्रवास विम्यात सर्वत्र आढळते. रेल्वेचे तिकीट ऑनलाइन काढताना प्रत्येकी ४५ पैशांत मिळणारा विमा मृत्यूसाठी आणि कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण देतो, ही इतक्या अल्प मोबदल्यातली उपयुक्त सोय आहे. तथापि तो रेल्वे अपघात आणि गाडीतील अनुचित घटनांपुरता असतो, आणि दौंडहून काशीला निघालेल्या प्रवाशाची साखर वाटेत एकाएकी उतरली तर त्याचा काहीही उपयोग होत नाही.

देशातल्या देशात फिरणाऱ्या आजारी माणसाला खरा आधार प्रवास विम्यापेक्षा आरोग्य विम्याचा असतो, आणि ही बाब पुरेशी समजावून सांगितली जात नाही. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून समाविष्ट आहेत आणि तिचे कार्ड योजना राबवणाऱ्या अन्य राज्यांतील संलग्न रुग्णालयांतही चालते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे हे संरक्षण ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डाद्वारे खुले झाले. वरवंडच्या बहात्तर वर्षांच्या शेतकऱ्याने काशीयात्रेला निघण्यापूर्वी हे कार्ड काढून घेतले, तर वाराणसीच्या संलग्न रुग्णालयात त्याचा जुना हृदयविकार आड येणार नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली आणि पुढे राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत विस्तारली, ती मात्र मुख्यतः राज्याच्या हद्दीतील आहे. सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषकांसाठी ती लागू करण्याचा राज्याचा निर्णय हा या हद्दीला केलेला एक महत्त्वाचा अपवाद होय. खासगी आरोग्य विमा असेल तर विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे हप्ते भरूनही त्या आजाराचा खर्च मिळत नाही असा सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. पूर्वी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती. मुलाच्या कंपनीने काढलेल्या सामूहिक विम्यात आईवडिलांची नावे असतात आणि तिथे प्रतीक्षाकाळही बहुधा माफ असतो, त्यामुळे ‘आमचा सगळा विमा मुलाच्या कंपनीतून आहे’ असे निश्चिंतपणे सांगितले जाते. ही निश्चिंती देशाच्या सीमेपर्यंत रास्त आहे. सामान्यतः असा विमा भारतातील उपचारांपुरताच असतो, आणि विमान मुंबईहून उडाले की आईवडील त्या छत्राबाहेर जातात.

काही यात्रांनी आजारी माणसाचा प्रश्न उलट बाजूने सोडवला आहे. अमरनाथ यात्रेला आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे आहे. कैलास-मानसरोवरच्या सरकारी यात्रेत वयाची ७० वर्षांची मर्यादा, उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २५ च्या आत असण्याची अट आणि दिल्लीतील वैद्यकीय तपासणी आहे. हजारो मीटर उंचीवर, जिथे प्राणवायू विरळ असतो आणि हेलिकॉप्टरही वेळेवर पोचेल याची खात्री नसते, तिथे ही गाळणी योग्यच आहे. परंतु हिमालयासाठी योग्य असलेला हा न्याय लंडनला नातवंडाला भेटायला निघालेल्या आजीला लावता येत नाही, आणि विमा कंपन्यांच्या अटी मात्र पुष्कळदा ती मानसरोवरलाच निघाली आहे अशा प्रकारे लिहिलेल्या असतात.

परदेश प्रवासाच्या विम्याकडे वळताना प्रथम हे लक्षात घ्यावे लागते की व्हिसासाठी लागणारा विमा आणि आजारपणात उपयोगी पडणारा विमा या एकच गोष्टी नव्हेत. युरोपातील शेंगेन देशांच्या २००९ च्या व्हिसा संहितेनुसार अर्जदाराकडे किमान ३० हजार युरोचे, सर्व शेंगेन देशांत आणि संपूर्ण मुक्कामभर चालणारे विमा संरक्षण असावे लागते, आणि त्यात तातडीचे उपचार, वैद्यकीय कारणाने मायदेशी परत पाठवणे तसेच मृत्यू यांचा खर्च यावा लागतो. दूतावासाला विमापत्रावरची रक्कम आणि तारखा पाहायच्या असतात. जुन्या आजाराचे कलम त्यात काय म्हणते, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. म्हणून सर्वांत स्वस्त विमापत्र घेऊनही व्हिसा मिळतो आणि कुटुंबाचा असा समज होतो की विम्याचे काम झाले. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी तर विम्याची सक्तीच नाही, आणि उपचारांचा खर्च सर्वांत अवाढव्य आहे तो त्याच देशात. तिथल्या १९८६ च्या कायद्याने रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला, रुग्णाची पैसे देण्याची ऐपत न पाहता, तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करावी लागते. पण त्याचे बिल माफ होते असा याचा अर्थ नाही, आणि ते बिल बहुधा ज्याच्या घरी आईवडील उतरले आहेत त्या मुलाच्याच पुढ्यात येते. ब्रिटनमध्ये अपघात व तातडीच्या विभागातील प्राथमिक उपचार विनाशुल्क असले, तरी पाहुणा म्हणून आलेल्या परदेशी रुग्णाला रुग्णालयात दाखल करून घेतल्यावर तिथली सार्वजनिक आरोग्य सेवा ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी करते.

भारतीय कंपन्यांच्या विमापत्रांत आधीपासूनचा आजार साधारणपणे तीनपैकी एका रीतीने हाताळलेला असतो. काही विमापत्रे तो पूर्णपणे वगळतात. काही तो वगळतात, परंतु जीव धोक्यात येईल अशी आकस्मिक स्थिती उद्भवल्यास प्राण वाचवण्यापुरत्या उपचारांचा खर्च एका उपमर्यादेपर्यंत, म्हणजे एकूण विमा रकमेच्या आत ठरवून दिलेल्या छोट्या कमाल रकमेपर्यंत, देतात. तिसऱ्या, तुलनेने महाग प्रकारात जाहीर केलेला आजार मान्य करून त्यासाठी जास्तीचा हप्ता घेतला जातो. बाजारात सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत जास्त गैरसमज निर्माण करणारा प्रकार दुसरा आहे, कारण माहितीपत्रकात ‘आधीपासूनचे आजार समाविष्ट’ असे ठळकपणे छापता येते आणि उपमर्यादेची रक्कम आतल्या पानावर राहते. पन्नास हजार, एक लाख किंवा अडीच लाख डॉलरच्या विमापत्रात जुन्या आजारासाठीची मर्यादा त्या रकमेच्या अगदी लहान भागाइतकीच असू शकते. त्यातही प्रकृती स्थिर झाल्याक्षणी हे संरक्षण संपते: हृदयविकाराचा झटका आल्यानंतरची पहिली तातडीची प्रक्रिया त्यात बसेल, पण दोन आठवड्यांनी करता येईल अशी बायपास शस्त्रक्रिया बसणार नाही, कारण भारतात परतेपर्यंत लांबणीवर टाकता येतील असे उपचार बहुतेक विमापत्रे वगळतात. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध केलेला प्रवास, उपचारांसाठीच केलेला प्रवास आणि एखाद्या शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीत नाव असताना केलेला प्रवास हेही नेहमीचे अपवाद आहेत.

येथे कायद्यातील एक पोकळी ध्यानात घ्यायला हवी. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २०२० मध्ये आरोग्य विम्यातील संज्ञांच्या प्रमाण व्याख्या ठरवून दिल्या, त्यांत आधीपासूनच्या आजाराची व्याख्याही होती. मात्र ती परदेश प्रवास विम्याला लागू नाही असे तिथेच नमूद केले गेले. परिणामी देशांतर्गत आरोग्य विमा घेणाऱ्याला मिळालेली निश्चिती परदेश प्रवास विमा घेणाऱ्याला मिळालेली नाही, आणि किती मागे जाऊन आजार ‘जुना’ धरायचा हे ज्याच्या त्याच्या विमापत्राच्या शब्दांवर अवलंबून राहते. आरोग्य विम्यातील प्रतीक्षाकाळ टप्प्याटप्प्याने कमी होत असताना ज्येष्ठांच्या परदेश प्रवासाला मात्र ही सुधारणा फारशी शिवलेली नाही, ही गोष्ट खेदाची आहे आणि नियामकाने ती दुरुस्त करणे अवघड नाही.

अमेरिकेत राहणारी मुले पुष्कळदा आईवडिलांसाठी तिथल्याच कंपनीचा ‘पाहुण्यांचा विमा’ घेतात. त्याचे दोन वर्ग आहेत. एका वर्गात प्रत्येक उपचारासाठी ठरावीक रक्कम मिळते, मग प्रत्यक्ष बिल कितीही असो. दुसऱ्यात सुरुवातीची ठरलेली रक्कम रुग्णाने भरल्यानंतर उरलेला खर्च विमा रकमेच्या मर्यादेत मिळतो. पहिला स्वस्त असतो आणि रुग्णालयाच्या एका दिवसाच्या बिलापुढेही अपुरा पडू शकतो. दोन्ही वर्गांतील काही योजना जुन्या आजाराच्या ‘आकस्मिक उद्रेका’ला संरक्षण देतात. पूर्वसूचना न देता, अचानक, तातडीचे उपचार घ्यावेच लागतील अशा रीतीने आजार उसळला आणि सामान्यतः २४ तासांच्या आत उपचार घेतले गेले, तरच तो या कलमात बसतो. हळूहळू वाढत गेलेली सूज, चार दिवस अंगावर काढलेला दम, संपलेल्या गोळ्या नव्याने लिहून घेणे किंवा ठरलेली रक्त तपासणी यांपैकी काहीही त्यात येत नाही. वयाची मर्यादाही असते आणि ती ओलांडल्यावर हे कलमच गळते. दुखणे अंगावर काढण्याची आपल्याकडची, विशेषतः घरातल्या बायकांची, सवय या २४ तासांच्या अटीपुढे फार महागात पडते. ‘उद्या बघू, पोरांना कशाला त्रास’ असे म्हणत रात्र काढणाऱ्या आईला मुलाने ही अट विमानतळावरून घरी नेतानाच समजावून सांगितलेली बरी.

कॅनडाची रीत अधिक स्पष्ट आहे आणि म्हणून अभ्यासण्याजोगी आहे. आईवडील व आजी-आजोबांसाठी असलेल्या ‘सुपर व्हिसा’साठी किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आणि किमान एक वर्षाचा आरोग्य विमा सक्तीचा आहे; पूर्वी तो कॅनडातील कंपनीचाच लागे, जानेवारी २०२५ पासून तिथल्या नियामकाच्या मान्यतेच्या चौकटीत बसणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांचाही चालतो. या विम्यांत ‘स्थिरतेचा काळ’ ही कल्पना मध्यवर्ती असते. विमा सुरू होण्याआधीचे ९० किंवा १८० दिवस, योजनेनुसार, आजारात नवे लक्षण नाही, औषध बदललेले नाही, मात्रा कमी-जास्त केलेली नाही आणि रुग्णालयात जावे लागलेले नाही, तर तो आजार स्थिर धरून त्याला संरक्षण दिले जाते. माणसाला मधुमेह आहे की नाही यापेक्षा तो आटोक्यात आहे की नाही हा प्रश्न विचारणे वैद्यकीयदृष्ट्याही अधिक न्याय्य आहे. मात्र प्रवासाच्या महिनाभर आधी ‘निघण्यापूर्वी एकदा सगळे तपासून घेऊ’ म्हणून डॉक्टरांकडे जाणे आणि तिथे गोळीची मात्रा वाढवली जाणे, ही आपल्याकडची नित्याची घटना हा स्थिर काळ मोडते. त्यावर उपाय तपासणी टाळणे हा नव्हे; ती प्रवासाच्या सहा-सात महिने आधी करून घेणे आणि नंतर औषध बदललेच तर ते विमा कंपनीला लेखी कळवणे, हा आहे.

या सर्व कलमांहून अधिक निर्णायक असते ती प्रस्ताव अर्जावरची माहिती. विमा करार परम सद्‌भावाच्या तत्त्वावर उभा असतो, म्हणजे जोखमीवर परिणाम करणारी प्रत्येक महत्त्वाची गोष्ट अर्जदाराने आपणहून सांगावी, असे कायदा धरून चालतो. न्यू इंडिया अॅश्युरन्स कंपनीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये असा निर्णय दिला की मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार लपवून प्रकृती उत्तम असल्याचे लिहिले असेल तर दावा नाकारणे योग्य आहे, आणि कोणती माहिती महत्त्वाची हे अर्जदाराने स्वतःच ठरवायचे नसते. या विषयाला थेट लागू पडणारा निर्णय त्यानंतर बारा वर्षांनी आला. युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनीचा परदेश प्रवास विमा घेऊन २००९ मध्ये नातेवाइकांच्या लग्नासाठी अमेरिकेला गेलेल्या एका प्रवाशाला सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावरच हृदयविकाराचा झटका आला आणि त्याच्या रक्तवाहिन्यांत तीन स्टेंट बसवावे लागले. त्याला आधीपासून मधुमेह होता आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी चालू होती, ती त्याने सांगितली नाही, असे म्हणत कंपनीने दावा नाकारला. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही कंपनीची बाजू उचलून धरली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने ६ डिसेंबर २०२१ रोजी हा निकाल फिरवला. मधुमेह असल्याचे अर्जदाराने उघड केले होते, वैद्यकीय तपासणी होऊन मगच विमापत्र दिले गेले होते, आणि सांगितलेल्या आजाराची जोखीम पारखून एकदा विमापत्र दिल्यावर कंपनीला त्याच आजाराचे कारण पुढे करून मागे फिरता येत नाही, असा त्या निर्णयाचा गाभा आहे. परदेशात अकस्मात उद्भवणाऱ्या आजारपणासाठीच तर माणूस हा विमा घेतो, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. दोन्ही निर्णय शेजारी ठेवले की दिसते ते असे: ज्याने आजार सांगितला त्याच्या बाजूला न्यायालय उभे राहिले आणि ज्याने लपवला त्याच्या बाजूला ते राहू शकले नाही. एवढे मात्र खरे की सांगणाऱ्यालाही आपल्या पैशांसाठी बारा वर्षे वाट पाहावी लागली.

प्रत्यक्षात आजार लपवण्याचा हेतू क्वचितच असतो. अर्ज आता मोबाइलवर, मुलाकडून, परदेशातून आणि रात्रीच्या घाईत भरला जातो. ‘पुढीलपैकी कोणता आजार आहे का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ आधीच दिसत असते किंवा ‘होय’ म्हटले की हप्ता वाढतो, आणि वडिलांच्या फोनवर आलेला ओटीपी सांगितला की करार पूर्ण होतो. ज्याच्या नावाने विमापत्र आहे त्याने तो अर्ज वाचलेलाच नसतो. कधी एजंटच ‘बीपी तर सगळ्यांनाच असतो, लिहू नका’ असा सल्ला देतो, आणि कधी वडील स्वतःच मुलाला काळजी नको म्हणून दोन वर्षांपूर्वी झालेली अँजिओग्राफी बोललेले नसतात. मग परदेशातील रुग्णालयात दाखल होताना डॉक्टर पहिली गोष्ट विचारतात ती हिस्टरी, म्हणजे आजारांचा पूर्वेतिहास, आणि जीव वाचवायचा असतो म्हणून सर्वजण तो अगदी खरा सांगतात: दहा वर्षांपासून मधुमेह, सात वर्षांपासून रक्तदाब. हा कागद विमा कंपनीकडे जातो आणि अर्जावरच्या ‘नाही’शी पडताळला जातो. त्यामुळे अर्ज भरण्याच्या वेळी आईवडिलांना फोनवर घेऊन एकेक प्रश्न मराठीतून वाचून दाखवणे आणि गावातल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून निदानाचे वर्ष, औषधांची मूळ रासायनिक नावे, मात्रा आणि शेवटचा बदल केव्हा झाला हे सांगणारे सही-शिक्क्याचे पत्र घेणे या दोन गोष्टींना पर्याय नाही. तेच पत्र परदेशात औषधे संपली तर उपयोगी पडते, कारण भारतातील गोळीचे व्यापारी नाव तिथल्या औषधविक्रेत्याला ठाऊक नसते.

आजार प्रामाणिकपणे सांगितल्यावर कंपनीने नकार दिला तर पुढे जायचे कोठे, या प्रश्नाला ब्रिटनने दिलेले उत्तर आपल्यासाठी मोलाचे आहे. तिथल्या वित्तीय नियामकाने एप्रिल २०२१ पासून असा नियम केला की गंभीर आजारामुळे एखाद्या ग्राहकाला प्रवास विमा नाकारला, किंवा आजारापोटी ठरावीक रकमेहून मोठा वाढीव हप्ता सांगितला, तर अशा आजारांना विमा देणाऱ्या तज्ज्ञ कंपन्यांच्या अधिकृत सूचीचा पत्ता त्या ग्राहकाला देणे विक्रेत्यावर बंधनकारक असेल. नकाराबरोबर पुढची वाट सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य ठरले. भारतात अशी सक्ती नाही. एका कंपनीने नाकारले की कुटुंब दुसऱ्या कंपनीच्या अर्जावर तोच आजार गाळण्याच्या मोहात पडते, आणि हा मोह कुटुंबाच्या अप्रामाणिकपणातून जितका येतो त्याहून अधिक वाट न दिसण्यातून येतो. सर्व कंपन्यांची विमापत्रे एका ठिकाणी आणण्यासाठी नियामकाच्या पुढाकाराने उभे राहत असलेले ‘बिमा सुगम’ हे व्यासपीठ अशी सूची देण्यास सर्वांत योग्य जागा ठरेल. कोणती कंपनी कोणत्या वयापर्यंत, कोणत्या आजाराला आणि किती उपमर्यादेपर्यंत संरक्षण देते, हे तिथे मराठीत पाहता आले तर पाटस किंवा केडगावच्या माणसाला एजंटच्या शब्दावर विसंबून राहावे लागणार नाही. तोपर्यंत १ जानेवारी २०२४ पासून सुधारित स्वरूपात लागू झालेले ‘ग्राहक माहिती पत्रक’ हाताशी आहे. विमापत्रातील मुख्य अटी सोप्या भाषेत सांगणारे हे पत्रक ग्राहकाने मागितल्यास स्थानिक भाषेत द्यावे अशी त्यामागची तरतूद आहे, आणि मराठीतील पत्रक मागणाऱ्यांची संख्या वाढल्याशिवाय ते सहजपणे मिळू लागणार नाही.

डायलिसिसवर असलेल्या, कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या किंवा नुकताच पक्षाघात होऊन गेलेल्या माणसाला आजही कोणतीच कंपनी त्या आजारासाठी संरक्षण देणार नाही, अशी शक्यता मोठी आहे. अशा वेळी जुना आजार वगळलेले विमापत्रही निरुपयोगी समजू नये. बर्फावर घसरून मोडलेले खुब्याचे हाड, न्यूमोनिया किंवा अपेंडिक्स यांचा जुन्या दुखण्याशी संबंध नसतो आणि त्यांचा खर्च त्या विमापत्रातून मिळू शकतो. उरलेल्या जोखमीचा हिशेब कुटुंबाने उघडपणे मांडावा: मुक्काम सहा महिन्यांऐवजी सहा आठवड्यांचा करता येईल का, मधे थांबा न घेता थेट विमानाने जाता येईल का, आणि आईवडिलांनी जाण्याऐवजी मुलांनाच यंदा गावी येता येईल का.

दावा नाकारला गेलाच, तर पहिली लेखी तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी लागते. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार आरोग्य विम्याचा दावा कंपनीच्या दावे पुनरावलोकन समितीच्या मान्यतेशिवाय नाकारता येत नाही आणि नकाराचे कारण विमापत्रातील नेमक्या कलमासह द्यावे लागते, म्हणून ते कलम लेखी मागून घ्यावे. कंपनीचे उत्तर समाधानकारक नसेल, किंवा महिनाभरात उत्तरच आले नाही, तर त्यानंतर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. पुणे जिल्ह्यातील तक्रारदारासाठी हे कार्यालय पुण्यातच आहे. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, शुल्क नसते आणि वकील नेमण्याची गरज नसते. लोकपालाने दिलेला निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो आणि त्याची पूर्तता तिने ३० दिवसांत करायची असते. तक्रारदाराला तो मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग त्याच्यासाठी खुला राहतो.